चर्चगेटमधलं 'चर्च' मुलांना दाखवायला हवं



जोगेश्वरी स्टेशनवर रोज कानावर पडणारं नाव कोणतं? चर्चगेट. मी चौथीच्या वर्गात विचारलं, "या नावातलं चर्च कुठे आहे?" एकही हात वर आला नाही. खरं सांगू? काही वर्षांपूर्वी मलाही सांगता आलं नसतं.

ते चर्च म्हणजे फोर्ट भागातलं, हॉर्निमन सर्कलजवळचं सेंट थॉमस कॅथेड्रल. १६७६ च्या सुमारास इंग्रजांनी त्याचा पाया घातला, पण काम रखडलं आणि भिंती सुमारे चाळीस वर्षं अर्धवटच राहिल्या. पुढे रिचर्ड कॉब या पाद्र्याने वर्गणी जमवून ते पूर्ण करायला घेतलं. १७१८ च्या नाताळात चर्च उघडलं. तेव्हा मुंबईच्या किल्ल्याला तट होता. ज्या दरवाजातून चर्चकडे जाता येई, तो चर्चगेट. १८६० च्या दशकात तट पाडला आणि दरवाजाच्या जागी फ्लोरा फाउंटन उभं राहिलं. गेट गेलं, नाव मात्र स्टेशनाला चिकटून राहिलं!

सहलीसाठी मी ही जागा सुचवली, तेव्हा एक पालक म्हणाले, "मॅडम, चर्चमध्ये कशाला? वॉटर पार्कला न्या ना." त्यांचा राग नाही आला. पण मला वाटतं, आपण इथेच चुकतो. जोगेश्वरीची लेणी बघायला आपल्या वर्गातली सगळ्या धर्मांची मुलं जातात. तिथे आपण इतिहास शिकवतो, मग इथे का नाही?

या चर्चच्या आवारातल्या कारंज्यासाठी पैसे दिले ते कावसजी जहांगीर या पारशी दानशूराने. आत १८११ मध्ये वारलेले गव्हर्नर जोनाथन डंकन यांचं संगमरवरी स्मारक आहे. बनारस आणि काठियावाडात तान्ह्या मुलींना मारण्याची प्रथा थांबवण्यासाठी त्यांनी केलेल्या प्रयत्नांची नोंद त्यावर आहे. 'मुलगी वाचवा' यावर आपण निबंध लिहून घेतोच, त्याआधी हा दगड दाखवला तर? एकेकाळी मुंबईतले मैलसुद्धा याच चर्चपासून मोजत. अंतर मोजण्याचा धडा इथून सुरू करता येईल.

खर्चही फार नाही. लोकलचं तिकीट, स्टेशनपासून वीर नरिमन रोडने पायी चालणं आणि आधी घेतलेली परवानगी. मुलांना तीनच कामं द्या: उंच खांब मोजा, रंगीत काचांतलं एक चित्र वहीत काढा, सर्वांत जुनं साल शोधा. आत शांतता पाळायची, हे वर्गातच समजावून सांगा.

परिसर अभ्यास पुस्तकात आहे, तसाच तो लोकलच्या घोषणेतही आहे. यंदाची सहल ठरवताना एवढा विचार जरूर करा. तुमच्या भागातल्या कोणत्या नावामागे अशी गोष्ट दडली आहे, तेही मुलांना शोधायला सांगा.