लग्नाला उचल, शिकायला कपात

आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढणारा मी पहिला. खरे म्हणजे हा मान ताईचा. बारावीला तिला माझ्यापेक्षा जास्त गुण होते. पण २०२० साली घराचा भार तिच्यावर आला आणि ती औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात पॅकिंगला लागली. माझी अकरावी-बारावीची फी तिच्याच पगारातून गेली.

२०२४ साली तिने नोकरी सोडून नर्सिंगच्या अभ्यासक्रमाला प्रवेश घेतला. फीसाठी आधार एकच, भविष्यनिर्वाह निधी. घरोघरच्या भाषेत पीएफ. मूळ पगार दहा हजार, त्यातून दरमहा १,२०० रुपये कापले जात. मालकही तेवढेच भरी, पण त्यातले ८३३ पेन्शनकडे वळत. चार वर्षांचे व्याजासह अठ्ठ्याऐंशी हजारांच्या आसपास जमले होते. हातात आले ते दहा टक्के कमी! सलग पाच वर्षे नोकरी झालेली नसताना पन्नास हजार किंवा अधिक रक्कम काढली, की प्राप्तिकर आधीच कापतात. वास्तविक ताईचे उत्पन्न करपात्र नव्हतेच. १५-जी नावाचा अर्ज आधी भरून दिला असता तर कपात टळली असती. पण हे तिला सांगणार कोण? विवरणपत्र भरल्यावर पुढच्या वर्षी पैसे परत आले. फीची तारीख मात्र थांबली नव्हती. ती आईच्या कानातल्या फुलांवर भागली.

आजारपणाने नोकरी सुटली किंवा कारखानाच बंद पडला, तर या पाच वर्षांच्या अटीतून सूट आहे. शिकायला जाणे हे कारण त्यात बसत नाही.

नोकरीत राहून उचल घ्यावी म्हटले, तर १९५२ च्या योजनेत सात वर्षांची अट होती आणि स्वतःच्या वर्गणीचा निम्मा भाग मिळे. लग्नासाठी यादी उदार: स्वतःचे, मुलांचे, भावाबहिणींचे. शिक्षण मात्र फक्त मुलामुलींचे, तेही मॅट्रिकनंतरचे. म्हणजे सात वर्षे भरली असती तर ताईला माझ्या लग्नाला पैसे मिळाले असते, माझ्या बी.ए.ला नाही, आणि तिच्या स्वतःच्या शिक्षणाला तर नाहीच! शिकतो तो कामगाराचा मुलगा, कामगार नव्हे, असे नियम करणाऱ्यांनी गृहीत धरलेले दिसते.

ऑक्टोबर २०२५ मध्ये निधीच्या विश्वस्त मंडळाने बारा महिन्यांची नोकरी पुरेशी ठरवली. शिक्षणासाठी दहा वेळा उचल, आणि पाव रक्कम खात्यात शिल्लक ठेवायची. या शेवटच्या अटीवर आमच्या वर्गातले काही मित्र रागावले. मला ती पटते. पैसा म्हातारपणाचा आहे. पण शिक्षण म्हणजे कामगाराचे स्वतःचेही, हे नियमात आणि कारखान्याच्या फलकावर स्वच्छ मराठीत लिहिलेले असावे. कराच्या सवलतीतही ते कारण यावे.

ताईच्या पीएफ खात्यात आज काही नाही. मी तो विषय काढला की ती म्हणते, "म्हातारपणाला अवकाश आहे रे, परीक्षा पुढच्या महिन्यात आहे."

— द्वितीय वर्ष कला