ओसरीवरून : सरकणारा बुद्ध

परदेशी जाऊन आलेल्या माणसाने चार लोकांना छळावे, हा आपल्याकडचा जुना रिवाज आहे. आमचे चिरंजीव नोकरीनिमित्त टोकियोत असतात. त्यांच्या कृपेने आम्ही उभयतां जपानला जाऊन आलो, तेव्हा वाचकहो, आता तुमची सुटका नाही!

टोकियोहून आगगाडीने तासाभरावर कामाकुरा आहे. तेथल्या कोतोकुइन मंदिराच्या आवारात अमिताभ बुद्धाची ब्राँझची प्रचंड मूर्ती बसली आहे. उंची 11 मीटरांहून अधिक, वजन सुमारे 121 टन. 1252 साली तिचे काम सुरू झाले. एके काळी तिच्यावर मंदिर होते. वादळांनी ते पाडले, आणि पंधराव्या शतकापासून बुद्ध ऊनपाऊस अंगावर घेत उघड्यावर बसला आहे.

मी प्रथम काय केले असेल? फोटो काढला. आजूबाजूचे शेकडो प्रवासीही तेच करीत होते. कुणी बुद्धाला तळहातावर बसवीत होते, कुणी त्याच्याकडे पाठ करून स्वतःचीच छबी टिपीत होते. आमची ही मात्र चपला काढून हात जोडून उभी राहिली. "अहो, आधी नमस्कार तरी करा!" असे तिने बजावल्यावर मी ओशाळून हात जोडले.

मूर्ती आतून पोकळ आहे. पन्नास येन दिले, की बुद्धाच्या पोटात शिरता येते. आत अंधार, वर पाठीला दोन खिडक्या, आणि धातूचे जोड स्पष्ट दिसतात. बाहेरून एवढी अखंड वाटणारी शांती आतून जोडजोडून उभी केलेली आहे, हे पाहून मला जरा बरे वाटले.

चिरंजीवांनी माहिती पुरवली. 1923 च्या भूकंपात मूर्तीच्या चौथऱ्याची मोडतोड झाली होती. पुढे 1960-61 साली दुरुस्ती झाली, तेव्हा मान आतून बळकट केली आणि मोठा धक्का बसलाच तर मूर्ती चौथऱ्यावर थोडी सरकेल, अशी योजना केली. हट्टाने जागच्या जागी राहिली तर मोडेल. सरकली तर वाचेल!

"ऐकलंत ना?" ही हळूच म्हणाली.

ऐकले होते. वाईच्या घराच्या परसात हात-दीड हात जागेवरून मी आणि माझा धाकटा भाऊ अकरा वर्षे बोललेलो नाही. तो सरकत नाही, आणि मी तर थोरला!

आवारात एक स्मारकशिला आहे. 1951 साली सॅन फ्रान्सिस्कोच्या शांतता परिषदेत सिलोनचे अर्थमंत्री जयवर्धने यांनी जपानकडून युद्धाची भरपाई मागणार नाही, असे जाहीर केले. वैराने वैर मिटत नाही, अशा अर्थाच्या बुद्धवचनाचा त्यांनी आधार घेतला होता. त्याची आठवण म्हणून 1991 साली ही शिला बसवली. एका देशाने युद्धाची भरपाई सोडली. मी दीड हात परसासाठी वकिलाच्या पायऱ्या झिजवीत होतो.

बाहेरच्या दुकानात एक चित्रकार्ड घेतले. बाकावर बसून 'चि. बाळ यास अनेक आशीर्वाद' एवढे लिहिले आणि पेन थांबले. पुढे काय लिहावे? जागेचे लिहावे, की क्षमेचे? हिने खांद्यावरून डोकावून पाहिले. म्हणाली, "भाऊजींना चकल्या आवडतात. तेवढंच लिहा."

म्हणून लिहिले, 'दिवाळीला सर्वांनी ये. वहिनी चकल्या करणार आहे. भिंत तू म्हणशील तेथे घालू.'

कार्ड पेटीत टाकताना हात थरथरला, हे कबूल करतो. उत्तर अजून आलेले नाही. पण काल हिने चकल्यांची भाजणी दळून आणली आहे, नेहमीपेक्षा दुप्पट.