‘पिकू दे’ म्हणत मोतीबिंदूची शस्त्रक्रिया लांबवू नका

गिरगाव, दादर, परळ, लालबागच्या रहिवाशांनो,

आपल्या चाळींत आज सत्तरी ओलांडलेली पिढी गिरणीच्या भोंग्यावर उठणारी. डोळ्यांपुढे धुकं आलं, तरी ती ‘वयाचं आहे’ म्हणून गप्प बसते. घरचेही म्हणतात, ‘पिकू दे, मग थंडीत करू.’

ही समजूत खोटी नव्हती, जुनी झाली. पूर्वी डोळ्यातलं अख्खं भिंग काढत, म्हणून ते पिकेपर्यंत थांबत. नंतर जाड काचांचा चष्मा जन्माला पुरे. 1949 साली लंडनमध्ये हॅरॉल्ड रिडली यांनी डोळ्यात पहिलं कृत्रिम भिंग बसवलं, आणि पुढे फेको पद्धतीत बारीक छेदातून, ध्वनिलहरींनी मोतीबिंदू फोडून काढता येऊ लागला. तो जितका पिकून टणक होतो तितकी ही शस्त्रक्रिया अवघड होते. अति पिकला तर डोळ्यातला दाब चढू शकतो, आणि त्यात गेलेली नजर परत येत नाही. ऋतूचा तर आता प्रश्नच उरलेला नाही.

म्हणजे निदान झालं की लगेच टेबलावर, असंही नाही. वाचन, स्वयंपाक, रस्ता ओलांडणं नीट जमत असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने थांबता येतं. मात्र दादर स्टेशनवर इंडिकेटर वाचता येत नाही, बेस्टचा नंबर शेजाऱ्याला विचारावा लागतो, रात्री समोरच्या दिव्यांभोवती वलयं दिसतात, चाळीच्या जिन्यात पायरी चुकते, तेव्हा वेळ झाली. चष्म्याचा नंबर सारखा बदलत असेल तरी डोळे दाखवा. एखाद्या आजीला अचानक चष्म्याशिवाय पेपर वाचता येऊ लागला, तर घरात आनंद होतो; पण मोतीबिंदू वाढतानाही तसं होतं. कुठल्याही थेंबांनी तो विरघळत नाही. तसं सांगणाऱ्यांच्या बाटल्यांवर पैसे घालवू नका.

मधुमेह असेल तर विशेष विनंती. मोतीबिंदू लवकर येतो आणि मागचा पडदाही खराब झालेला असू शकतो, म्हणून पडदा आधी तपासून घ्या. डोळा लाल होऊन ठणकू लागला, उलट्या झाल्या, नजर एकाएकी गेली, तर सकाळची वाट न बघता त्याच घटकेला रुग्णालय गाठा.

लांब जायला नको. परळला केईएम आणि बच्चूअली, मुंबई सेंट्रलला नायर, भायखळ्याला जे. जे. ही रुग्णालयं आहेत. शस्त्रक्रियेसाठी बहुतेकांना भूल डोळ्यापुरतीच देतात आणि त्याच दिवशी घरी सोडतात. नंतर काही आठवडे थेंब वेळेवर घालावे लागतात, आणि तिथेच हयगय होते. घरातल्या एकाने ते काम अंगावर घ्यावं.

मंडळांनी, वाचनालयांनी आपापल्या चाळीतल्या साठीपुढच्यांची यादी करावी. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांसोबत एक तरुण द्यावा. तपासणीला जाताना जुना चष्मा, साखर-रक्तदाबाच्या गोळ्यांची नावं आणि आधीचे कागद पिशवीत घ्यायला विसरू नका. प्रोस्टेटची गोळी चालू असेल तर ती डॉक्टरांना आवर्जून सांगा, शस्त्रक्रियेत तिचा संबंध येतो.