हा हंगाम खेळाडूंना कोण परत देणार?

प्रति,
मा. कल्याण चौबे,
अध्यक्ष, अखिल भारतीय फुटबॉल महासंघ,
नवी दिल्ली.

उमापूर, ता. गेवराई, जि. बीड
18 जानेवारी 2026

महोदय,

इंडियन सुपर लीग 14 फेब्रुवारीला सुरू होणार, 14 क्लब आणि 91 सामने, अशी घोषणा 6 जानेवारीला झाली. ती केंद्रीय क्रीडामंत्र्यांनी केली. ज्या महासंघाचं हे काम, त्याला लीगची तारीख स्वतःहून, वेळेत जाहीर करता आली नाही. सरकारला मध्ये पडावं लागलं. आता तारीख मिळाली आहे तर मागचं सोडून द्या, असं आम्हा प्रेक्षकांना सांगितलं जातंय. मागचं सोडता येत नाही म्हणूनच हे पत्र लिहितोय.

मागच्या हंगामात प्रत्येक क्लब साखळीत 24 सामने खेळला होता. यंदा 13 खेळणार. 12 एप्रिल 2025 ला मोहन बागानने बंगळुरूला जादा वेळेत 2-1 ने हरवलं आणि हंगाम संपला. त्या दिवसापासून 14 फेब्रुवारीपर्यंत मोजा. दहा महिने देशाची सर्वोच्च लीग बंद. मधल्या काळात सुपर कप झाला, पण बहुतेक क्लबांच्या वाट्याला त्यातले गटातले तीन सामने आले. ड्युरँड चषकात तर कित्येक क्लब उतरलेच नाहीत. ज्या माणसाचं पोट पायावर चालतं, त्याला तुम्ही दहा महिने घरी बसवलंत.

आणि हे संकट अचानक आलेलं नाही. महासंघाने व्यावसायिक हक्कांचा करार 2010 मध्ये केला. मुदत 15 वर्षं, रक्कम 700 कोटी. तो 8 डिसेंबर 2025 ला संपणार हे सही झाली त्याच दिवशी ठरलं होतं. आपण 2 सप्टेंबर 2022 ला 33 विरुद्ध 1 मतांनी अध्यक्ष झालात. भायचुंग भुतियासारखा माणूस समोर असताना मतदारांनी एवढा विश्वास टाकला. मोहन बागान आणि ईस्ट बंगालच्या गोलपोस्टमध्ये उभा राहिलेला माणूस महासंघाच्या गादीवर बसला याचा मलाही आनंद झाला होता. खेळाडूचं दुखणं खेळाडूला कळेल, असं वाटलं. त्या दिवसापासून करार संपेपर्यंत आपल्याकडे तीन वर्षं आणि तीन महिने होते.

त्या काळात काय झालं? 11 जुलै 2025 ला लीग चालवणाऱ्या कंपनीने कळवलं की पुढचा करार नाही, म्हणून हंगाम स्थगित. ऑगस्टच्या सुरुवातीला बंगळुरू एफसीने पहिल्या संघातल्या खेळाडूंचे आणि कर्मचाऱ्यांचे पगार बेमुदत थांबवले. क्लबांनी पत्रं लिहिली, इशारे दिले. ऑक्टोबरमध्ये निविदा निघाली. 7 नोव्हेंबरला मुदत संपली, तेव्हा एकही बोली आलेली नव्हती. 140 कोटींच्या देशात फुटबॉल लीग चालवायला एकही जण पुढे आला नाही! नोव्हेंबरमध्ये मोहन बागानने सराव थांबवला. 8 डिसेंबरला करार संपला. डिसेंबरच्या अखेरीस मँचेस्टर सिटीची मालकी असलेला समूह मुंबई सिटीमधून बाहेर पडला. जानेवारीच्या सुरुवातीला सुनील छेत्री, गुरप्रीत सिंग संधू आणि संदेश झिंगन यांनी थेट फिफाला साकडं घातलं. आपल्या देशाच्या कर्णधारपदी राहिलेल्या माणसांवर परक्या दारात उभं राहण्याची वेळ आली.

आपलं उत्तर मला माहीत आहे. महासंघाच्या घटनेचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात होतं, निकाल लागेपर्यंत नवा करार करता येत नव्हता. खरं आहे. पण हे प्रकरण 2017 पासून चालू आहे. निकाल 19 सप्टेंबर 2025 ला आला. तो लवकर लागावा, किंवा लागेपर्यंत लीग चालू ठेवायला तात्पुरती परवानगी मिळावी म्हणून महासंघाने वेळेत, जिवाच्या आकांताने धडपड केल्याचं आम्हाला तरी कुठे दिसलं नाही. जुलैमध्ये हंगाम थांबला तेव्हा घाई सुरू झाली. घर पेटल्यावर विहीर खणायला घेतलीत.

आता राहुल भेकेबद्दल बोलतो, कारण तुमच्या कागदांत खेळाडू म्हणजे नुसता आकडा असतो. मुंबईत वाढलेला हा बचावपटू. 17 मार्च 2019 ला अंधेरीच्या मैदानावर लीगचा अंतिम सामना बंगळुरू आणि गोवा यांच्यात गोलशून्य चालला होता. 117 व्या मिनिटाला कॉर्नर आला, भेके उडाला आणि डोक्याने मारलेला चेंडू जाळ्यात गेला. बंगळुरू पहिल्यांदा विजेता. 11 एप्रिल 2022 ला मुंबई सिटीकडून खेळताना त्याने पुन्हा हेच केलं. आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये इराकच्या एअर फोर्स क्लबविरुद्ध 1-1 बरोबरी होती, भेकेच्या डोक्याने 2-1 झालं. त्या स्पर्धेत भारतीय क्लबने सामना जिंकण्याची ती पहिली वेळ. नोव्हेंबर 2024 मध्ये मलेशियाविरुद्ध भारत मागे पडला होता, बरोबरीचा गोल कुणाचा? भेकेचाच. मार्च 2025 मध्ये मालदीवविरुद्ध पहिला गोलही त्याचा. बचावात उभा राहणारा माणूस आघाडीच्या फळीचं काम करत आलाय आणि त्याच्या नावाचा गवगवा कधी झाला नाही. माझ्या मते गेल्या दहा वर्षांत महाराष्ट्राने देशाला दिलेला तो सर्वांत भरवशाचा फुटबॉलपटू आहे. वर्तमानपत्रांत त्याच्या वाट्याला दोन ओळी येतात.

हा भेके डिसेंबरमध्ये 35 वर्षांचा झाला. तो बंगळुरूचा खेळाडू, म्हणजे ज्या क्लबने पगार थांबवले तिथलाच. पस्तिशीतल्या बचावपटूकडे किती हंगाम उरतात? दोन, फार तर तीन. त्यातला एक निम्म्यावर आला. छेत्री 41 वर्षांचा आहे. भारतासाठी 95 गोल केलेल्या माणसाच्या शेवटच्या वर्षाची तुम्ही ही किंमत केलीत. आणि 19-20 वर्षांच्या पोराचं नुकसान याहून मोठं आहे, कारण त्याचं नाव अजून कुणाला ठाऊकच नाही. त्याला 24 सामन्यांत एखादी संधी मिळाली असती. 13 सामन्यांत कोणता प्रशिक्षक नव्या पोरावर डाव लावेल?

अशा कारभाराचा परिणाम देशाने मैदानावर पाहिला. आशियाई चषक 2027 च्या पात्रता फेरीत आपल्या गटात हाँगकाँग, सिंगापूर आणि बांगलादेश होते. त्यात जपान, कोरिया, इराण यांपैकी कुणी नव्हतं. मार्चमध्ये शिलाँगला बांगलादेशशी 0-0. जूनमध्ये हाँगकाँगकडून 0-1. 9 ऑक्टोबरला सिंगापूरशी 1-1. 14 ऑक्टोबरला गोव्यात, फातोर्ड्याच्या आपल्या प्रेक्षकांसमोर, सिंगापूरकडून 1-2. 18 नोव्हेंबरला ढाक्यात बांगलादेशकडून 0-1, बावीस वर्षांत पहिल्यांदा. पाच सामने, दोन गुण, दोन गोल. विजय शून्य. जुलै 2023 मध्ये जागतिक क्रमवारीत 99 वा असलेला देश नोव्हेंबर 2025 मध्ये 142 वा झाला. महासंघाने 2023 च्या जानेवारीत 'व्हिजन 2047' जाहीर केलं होतं, त्यात भारत आशियातल्या पहिल्या चारांत असेल असं लिहिलंय. आज आपण आशियाच्या पहिल्या 24 देशांच्या स्पर्धेतही नाही.

लोक खेळाडूंना शिव्या देतात. मी देणार नाही, पण सगळं पोटातही घालणार नाही. सिंगापूरमध्ये 47 व्या मिनिटाला लाल कार्ड घेऊन झिंगनने संघाला दहा जणांवर आणलं, ते इतक्या अनुभवी बचावपटूला शोभलं नाही. फातोर्ड्यात आपल्या छांगतेने 14 व्या मिनिटाला लांबून मारलेला गोल पाहून अंगावर काटा आला होता. पण मध्यंतराच्या तोंडावर आणि 58 व्या मिनिटाला सिंगापूरच्या एकाच खेळाडूला, साँग उइ-याँगला, दोनदा मोकळं सोडलं. पाय जड झाले होते, माणूस धरायला अर्धं पाऊल उशीर होत होता. हा दोष सरावाचा नाही, सामन्यांचा आहे. एप्रिलपासून लीगचा एकही सामना न खेळलेल्या पायांकडून ऑक्टोबरमध्ये आणखी काय मागायचं? खालिद जमीलसारखा प्रशिक्षक आला, त्याच संघाला घेऊन ऑगस्टच्या अखेरीस मध्य आशियात त्याने ताजिकिस्तानला हरवलं, सप्टेंबरमध्ये ओमानला पेनल्टीवर नमवून तिसरा क्रमांक आणला. म्हणजे माणसांत दम आहे. छेत्रीला मात्र निवृत्तीतून परत बोलवावं लागलं, याचा दोष तरुण आघाडीपटूंवर टाकू नका. लीगमधले बहुतेक क्लब गोल करायची जागा परदेशी खेळाडूला देतात. आपल्या पोराला तिथे मिनिटंच मिळत नाहीत. आता तर सामनेही निम्मे.

भारताच्या मुलींनी मात्र जुलैमध्ये थायलंडला त्यांच्याच मैदानावर 2-1 ने हरवून आशियाई चषक गाठला. वर्षातली ती एकच गोष्ट मान वर करून सांगता येते.

उमापूरच्या माणसाचा फुटबॉलशी काय संबंध, असं कुणी विचारेल. सांगतो. 15 सप्टेंबर 2017 ला 17 वर्षांखालील विश्वचषकाच्या निमित्ताने राज्यात एकाच दिवशी दहा लाख मुलांना फुटबॉल खेळवायचा उपक्रम झाला. त्यात आपला महासंघही होता. आमच्या भागातल्या शाळांतही चेंडू आले. पोरांनी काळ्या मातीच्या पटांगणात बांबू रोवून गोलपोस्ट केले. पावसाळ्याचे दिवस, चेंडूला चिखलाचा लगदा चिकटायचा, किलोभर वजन व्हायचं, तरी अनवाणी पोरं संध्याकाळपर्यंत लाथा मारत राहायची. महिन्याभरात चेंडूतली हवा गेली. भरायला पंप होता, पिन नव्हती. पिन गेवराईतही मिळाली नाही. दिवाळीनंतर त्यांतली निम्मी पोरं आई-बापासोबत ऊसतोडीला गेली. नंतर कुणी विचारायला आलं नाही. त्याच विश्वचषकात कोल्हापूरचा अनिकेत जाधव भारताकडून खेळला, तो आमच्या पोरांना तोंडपाठ होता.

आमच्याकडे ऊसतोड मजुराला कुणी मोठा मानत नाही. पण कारखाना कधी पेटणार हे त्यालाही आधी कळतं. यंदाचा गाळप हंगाम 1 नोव्हेंबरला सुरू होणार हे ठरलं, टोळ्यांनी उचल घेतली, गाड्या भरल्या, माणसं निघाली. हातात कोयता घेतलेल्या माणसाला मिळते तेवढी खात्री भारताची जर्सी घातलेल्या माणसाला तुम्ही देऊ शकला नाहीत.

14 डिसेंबरला वानखेडेवर मेस्सी आला. तो दौरा महासंघाचा नव्हता, खासगी होता, हे मान्य. तिथे राज्य सरकारच्या 'प्रोजेक्ट महादेवा'साठी निवडलेली 13 वर्षांखालची 30 मुलं आणि 30 मुली मैदानावर होती. योजना चांगली आहे, पाच वर्षांची शिष्यवृत्ती आहे, त्या लेकरांचं कौतुकच आहे. त्याच मैदानावर मेस्सीने छेत्रीला आपली जर्सी दिली. स्टेडियम 'छेत्री, छेत्री' ओरडत होतं. लीगचा करार संपून त्या दिवशी सहा दिवस झाले होते. देशाचा सर्वांत मोठा फुटबॉलपटू तिथे उभा होता आणि पुढचा लीग सामना कधी हे त्याला माहीत नव्हतं. ती साठ लेकरं पाच वर्षांनी अठराच्या घरात येतील. कुठे खेळतील? महाराष्ट्राने 2010 मध्ये महिंद्रा युनायटेड बंद होताना पाहिला, 2019 मध्ये एफसी पुणे सिटी गेला. आता मुंबई सिटीमधून गुंतवणूकदार निघून गेलाय. एवढ्या मोठ्या राज्यात पहिल्या दर्जाचा एक क्लब, तोही डगमगतोय. पोरगं तयार करायचं सरकारने, आणि त्याला दार उघडायचं काम ज्याचं, त्याने दारालाच कुलूप लावायचं, हे किती दिवस चालायचं?

म्हणून आपल्याकडे चार मागण्या आहेत आणि त्या मी हात जोडून नाही, हक्काने करतोय. 2026-27 च्या हंगामाची सुरुवात आणि शेवट मे महिना संपायच्या आत जाहीर करा, आणि प्रत्येक क्लबला पूर्वीइतके, 24 सामने द्या. पुढचा व्यावसायिक करार किती वर्षांचा, कुणाशी, कोणत्या अटींवर, हे सही होण्याआधी लोकांसमोर ठेवा आणि तो संपण्याच्या दोन वर्षं आधी पुढच्याची बोलणी सुरू करण्याचं बंधन त्यातच घाला. या दहा महिन्यांत कोणत्या खेळाडूचा किती पगार थकला किंवा कापला गेला, याची क्लबवार यादी महासंघाने काढावी आणि तो मिळवून द्यावा. यात फिजिओ, मैदान राखणारे, कपडे धुणारे कर्मचारीही आले, त्यांच्यासाठी फिफाला साकडं घालणारा कुणी छेत्री नाही. आणि प्रत्येक क्लबला 21 वर्षांखालच्या भारतीय खेळाडूला दर सामन्यात ठरावीक मिनिटं मैदानावर ठेवणं सक्तीचं करा, पहिलं प्राधान्य आघाडीच्या जागेला.

31 मार्चला हाँगकाँगविरुद्ध पात्रता फेरीचा शेवटचा सामना आहे. त्यातून आपल्याला काही मिळणार नाही, तरी आम्ही तो पाहणार आहोत. त्या दिवसाच्या आत यांतल्या निदान पहिल्या मागणीचं उत्तर तारखेसकट जाहीर करा.

आपला,
एक फुटबॉलप्रेमी
उमापूर