पावसाकडची बाजू

भाटघर आणि पानशेतच्या पाण्याकडे तोंड करून जी नवी घरे उभी राहत आहेत, त्यांचे मालक पुण्या-मुंबईच्या फ्लॅटात पाहिलेलीच काच मागतात. जिन्याला उभ्या रेघांची फ्लुटेड, ओट्यामागे लॅकर्ड, दालनाच्या दाराला मध्ये कापड घातलेली लॅमिनेटेड. फ्लुटेडची मागणी मला मनापासून आवडते, कारण ती उजेड अडवत नाही आणि आतले माणूसही उघडे पाडत नाही. पण भोर-वेल्ह्यात नक्षी ठरवण्याआधी पाऊस कुठून झोडपतो ते पाहावे, एवढेच या अंकात आग्रहाने सांगायचे आहे.

सँडब्लास्ट केलेल्या काचेवर ओला हात फिरवून पाहा. हात फिरला तेवढी जागा पारदर्शक होते, कारण खरबरीत खळग्यांत पाणी भरले की उजेड विखुरत नाही. खरबरीत बाजू बाहेर ठेवून न्हाणीघराची खिडकी बसवली, तर आडोशाची खरी गरज असते तेव्हाच, भर पावसात, तो आडोसा जातो. ती बाजू आत घ्यावी. आतूनही पाणी उडणार असेल तर खरबरीत बाजू मध्ये धरून लॅमिनेट करून घ्यावी. लॅमिनेटेड काचेची कड तर जास्तच जपायला हवी. आंबूस वासाचे स्वस्त सिलिकॉन आतल्या थराला बाधते आणि साचलेल्या पाण्याने कडेपासून पांढरे ढग चढू लागतात. न्यूट्रल सिलिकॉन वापरा, चौकटीच्या तळाला पाणी निघायला भोके ठेवा. साइटवर एकावर एक रचलेल्या काचांमध्ये ओल अडकली, तर पडलेले डाग पुसून जात नाहीत. मधला कागद आणि वरचे छप्पर यांवर काटकसर नको.

टफन केलेली काच नंतर कापता येत नाही, हे आपण सारे जाणतो. तरीही जूनमध्ये फुगणाऱ्या लाकडी चौकटीचे माप मार्चमध्ये घेऊन काच अगदी घट्ट बसवली जाते.

रंगीत काचेच्या जागी छापील फिल्म चिकटवण्याची चाल मात्र मला मान्य नाही. कोबाल्टचा निळा किंवा तांब्याचा हिरवा काचेच्या अंगातच असतो, तो सुटून येत नाही. भोरचा राजवाडा 1869चा. त्या काळच्या वाड्यांत दारावरच्या कमानीला रंगीत तुकडे बसवत, ते लहान आणि वेगवेगळे. एक फुटला तर तेवढाच बदलायचा. नव्या घरात एकसंध मोठ्या चित्राऐवजी हीच पद्धत सुचवून पाहा. सुताराचे काम वाढेल, दुरुस्ती मात्र गावातच होईल.

आणि जुना वाडा उतरवताना अशा काचा निघाल्या, तर त्या भंगारात घालू नका. चौकटीसकट फोटो घ्या, तुकड्यांना क्रमांक द्या आणि कागदात गुंडाळून उभ्या ठेवा.