हुकूमनाम्याने नांदणूक

पोटगीच्या अर्जाची नोटीस पतीच्या हातात पडते न पडते, तोच हिंदू विवाह कायद्याच्या कलम 9 खाली 'पत्नीने नांदायला यावे' असा अर्ज टाइप होतो. अहिल्यानगर असो, संगमनेर, श्रीरामपूर वा शेवगाव. मजकूर तोच, नावे तेवढी बदललेली. अशिलाला पत्नी खरोखर घरी हवी आहे का, हे विचारण्याची तसदी क्वचितच घेतली जाते.

ज्या दाव्याने नांदायला बोलावण्याचा हा हक्क देशभर गाजला, तो दादाजी भिकाजी विरुद्ध रखमाबाई. अकराव्या वर्षी लग्न झाले, पण रखमाबाई नांदायला कधी गेल्याच नाहीत. 1884 मध्ये दादाजींनी मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला. 21 सप्टेंबर 1885 रोजी न्या. पिन्हे यांनी तो फेटाळला: सहवास सुरूच झाला नव्हता, तर तो पुन्हा प्रस्थापित कसा करणार? भाषणांत आपण हाच निकाल सांगतो. वकिलाने वाचायचा तो अपिलाचा. 1886 मध्ये सरन्यायाधीश सार्जंट आणि न्या. बेली यांनी पिन्हे यांचा मुद्दाच खोडला. लग्न झाले की हक्क आला, आधी एकत्र राहिले की नाही हे गौण, असे ठरवून त्यांनी प्रकरण गुणदोषांवर सुनावणीसाठी परत पाठवले. निव्वळ कायद्याच्या मुद्द्यावर अलगद हाती आलेला विजय अपिलात किती ठिसूळ ठरतो, याचे याहून कडू उदाहरण आम्हाला ठाऊक नाही. 4 मार्च 1887 रोजी न्या. फॅरन यांचा हुकूम झाला: महिन्याभरात पतीकडे जा, नाहीतर सहा महिने कैद. कैद पत्करीन, असे रखमाबाई सांगून चुकल्या होत्या. अखेर 1888 मध्ये दादाजींनी दोन हजार रुपये घेऊन तडजोड केली. रखमाबाई लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या.

दिवाणी प्रक्रिया संहितेच्या 1923 च्या दुरुस्तीने कैद गेली. आता पत्नीविरुद्धच्या हुकूमनाम्याला ऑर्डर 21, नियम 32 खालची जप्ती उरली आहे. (जप्त काय करणार, माहेरची भांडी?) आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने 1983 मध्ये कलम 9 घटनाबाह्य ठरवले, सर्वोच्च न्यायालयाने 1984 मध्ये सरोज राणी प्रकरणात ते टिकवले. तेव्हा अर्ज करता येतो, याबद्दल वाद नाही. पण तो पोटगी अडवण्यासाठी असेल, तर सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी 2025 चा रीना कुमारी निकाल आधी वाचावा. पतीकडे हुकूमनामा आहे आणि पत्नी परतली नाही, एवढ्यावरच पोटगी नाकारता येत नाही. ती का परतली नाही, हे पुराव्यावर तपासावे लागते. हा प्रश्न उलटतपासात येणारच आहे, तेव्हा अर्ज टाइप करण्यापूर्वीच अशिलाला तो विचारलेला बरा.