बुंदीची राखी आणि आपला हिशेब

राजस्थानच्या सहलीला निघालेली मराठी कुटुंबे जयपूर, उदयपूर, जोधपूर, जैसलमेर एवढे पाहून कृतार्थ मनाने परततात. बुंदीचे नाव त्यांच्या कार्यक्रमात क्वचितच असते. कोट्यापासून ४० किलोमीटरच्या आत, अरवलीच्या डोंगरांनी वेढलेल्या अरुंद खोऱ्यात हे हाडा चौहानांचे राजनगर वसले आहे. कोटा-चित्तोडगड लोहमार्गावर त्याचे स्थानकही आहे. म्हणजे अडचण प्रवासाची नाही, विस्मरणाची आहे. राजपुतान्यातील ज्या गावाशी मराठ्यांचे नाते राखीच्या धाग्याने जोडले गेले, ते गाव मराठी माणसाच्या स्मरणात नसावे, हे खेदजनक आहे. बुंदीत आपण केवळ प्रेक्षक म्हणून जाऊ शकत नाही. तिच्या इतिहासाचे आपण एक पक्षकार आहोत.

राव देवा हाडा याने १३४२ च्या सुमारास मीणांकडून हे खोरे जिंकून घेतले आणि १३५४ मध्ये डोंगरमाथ्यावर तारागड उभा राहिला. हाडांचा स्वाभिमान कसा होता, हे सांगणारी एक कथा राजस्थानात सर्वतोमुखी आहे. बुंदी जिंकल्याखेरीज अन्नग्रहण न करण्याची प्रतिज्ञा चित्तोडच्या राण्याने केली. प्रतिज्ञा तर पाळायची, पण बुंदी काही हाती येत नाही. तेव्हा मातीची खोटी बुंदी उभारून ती जिंकण्याची युक्ती निघाली. राण्याच्याच चाकरीत असलेला कुंभा हाडा हा वीर त्या मातीच्या गडाच्या दारात शस्त्र घेऊन उभा राहिला आणि तिच्या रक्षणार्थ त्याने प्राण वेचले. बुंदी खोटी असेल, तिचे नाव खोटे नव्हते, हा त्यातला भाव. या कथेने रवींद्रनाथ ठाकुरांनाही मोहिनी घातली आणि त्यांनी तिच्यावर बंगालीत कविता रचली.

तारागडाच्या उतारावर राजवाडा आहे. त्यातील चित्रशाळेच्या भिंतींवर हिरव्या-निळ्या रंगांत कृष्णलीला, मेघ, कमळतळी आणि मिरवणुका साकारल्या आहेत. बुंदी शैली म्हणून चित्रकलेच्या इतिहासात जिचे स्वतंत्र स्थान आहे, ती येथे भिंतीवर जिवंत दिसते. गावाबाहेर चौऱ्याऐंशी खांबांची छत्री आहे. राव अनिरुद्धसिंहाने १६८३ मध्ये ती आपला दूधभाऊ देवा याच्या स्मरणार्थ उभारली. धायीच्या मुलासाठी राजाने एवढे भव्य स्मारक बांधावे, यातून त्या समाजातील नात्यांची घनता कळते. त्याच अनिरुद्धसिंहाची राणी नाथावती हिने १६९९ मध्ये बांधलेली ‘रानीजी की बावडी’ म्हणजे पायऱ्यापायऱ्यांनी सुमारे ४६ मीटर खोल उतरणारे जलमंदिरच होय. आपण जिला बारव म्हणतो, तीच ही. तिच्या भिंतींवर विष्णूच्या अवतारांची शिल्पे आहेत. पाणी भरणे हे नित्यकर्म आणि देवदर्शन हा नित्यधर्म, दोन्ही एकाच वास्तूत सामावून घेणारी ही दृष्टी होती. येथील सूर्यमल्ल मिश्रण या चारण कवीने एकोणिसाव्या शतकात ‘वंशभास्कर’ हा महाग्रंथ रचला. कला, जल आणि शब्द या तिन्हींचा असा संगम लहानशा राज्यात घडावा, ही सामान्य गोष्ट नव्हे.

आता राखीकडे वळू. जयपूरच्या सवाई जयसिंहाने बुंदीच्या राव बुधसिंहाला पदच्युत करून १७३० मध्ये दलेलसिंह या आपल्या माणसाला गादीवर बसवले. बुधसिंहाची राणी ही जयसिंहाचीच बहीण. भावाने घर बुडवले, तेव्हा तिने दक्षिणेकडे हात पसरला. एप्रिल १७३४ मध्ये मल्हारराव होळकर आणि राणोजी शिंदे यांच्या फौजांनी बुंदी घेतली आणि राणीने मल्हाररावांना राखी बांधून भाऊ मानले. राजपुतांच्या घरगुती वादात मराठ्यांचा हा पहिला मोठा हस्तक्षेप मानला जातो. मात्र त्या राखीसोबत रोख रकमेचा करारही होता, हे विसरता येत नाही. मराठी फौजा माघारी वळताच जयपूरच्या सैन्याने दलेलसिंहाला पुन्हा गादीवर आणले. त्याच वर्षी जुलैमध्ये हुरडा येथे राजपूत राजे एकत्र जमले ते मराठ्यांविरुद्ध आणाभाका घेण्यासाठी. त्या आणाभाकांतूनही काही निष्पन्न झाले नाही. परस्परांवर विश्वासच नव्हता.

बुधसिंहाचा पुत्र उमेदसिंह याला वडिलांची गादी मिळाली ती १७४८ मध्ये, बगरूच्या युद्धानंतर आणि तीही मल्हाररावांच्याच बळावर. म्हणजे राखी पाळली गेली, हे मान्य केलेच पाहिजे. पण तिची किंमतही वसूल झाली. जयपूरकडे खंडणीचा तगादा असा लागला की, डिसेंबर १७५० मध्ये ईश्वरीसिंहाने आत्महत्या केली. पुढच्याच महिन्यात जयपूरच्या रहिवाशांचा क्षोभ उसळला आणि शहरात शिरलेले हजारो मराठे मारले गेले. त्यानंतर बरोबर दहा वर्षांनी, १४ जानेवारी १७६१ रोजी, पानिपतावर मराठे लढत होते तेव्हा राजपूत राजे अलिप्त राहिले. आपण त्यांना त्याबद्दल दोष देतो. जयपूरचे ते दिवस मात्र आपल्या पाठ्यपुस्तकांत आढळत नाहीत.

शेवटचा अंक याहून बोलका आहे. १८०४ मध्ये यशवंतराव होळकरांनी कर्नल मॉन्सनच्या इंग्रज फौजेला पळता भुई थोडी केली. त्या पळणाऱ्या फौजेला मदत केली ती बुंदीच्या राव राजा विष्णुसिंहाने, म्हणजे उमेदसिंहाच्या नातवाने! होळकरांच्या हाती राखी बांधणाऱ्या घराण्याने सत्तर वर्षांनी होळकरांच्या शत्रूला वाट करून दिली. १८१८ मध्ये बुंदीने इंग्रजांशी तह केला. त्याच वर्षी पुण्याची पेशवाईही बुडाली. दोघांचेही स्वातंत्र्य एकाच वर्षी, एकाच धन्याच्या खिशात गेले.

यावर कोणी म्हणेल की, त्या काळाचे राजकारणच तसे होते, फौजांना पगार द्यावे लागत आणि पगारासाठी खंडणी अटळ होती. हे खरे आहे. जयसिंहाची महत्त्वाकांक्षा आणि राजपूत घराण्यांतील भाऊबंदकी यांचाही दोष मोठा आहे. परंतु कारण सांगता आले म्हणजे परिणाम टळतो असे नाही. छत्रपती शिवाजी महाराजांनी मिर्झाराजे जयसिंहांशी बोलताना ज्या आपलेपणाच्या सुराचा आश्रय घेतला, तो सूर शंभर वर्षांत वसुलीच्या वहीत हरवला. ज्यांनी अटकेपार झेंडे लावले त्यांना बुंदीचे मन जिंकून ठेवता आले नाही. भूमी जिंकता येते, माणसे राखावी लागतात. अटकेचा अभिमान जरूर बाळगावा, पण तो बुंदीच्या हिशेबासकट.

या इतिहासाचा शेवट उमेदसिंहाने आपल्या परीने केला आहे. ज्या गादीसाठी एवढा रक्तपात झाला, ती त्याने १७७० च्या सुमारास स्वेच्छेने पुत्राकडे सोपवली आणि संन्यस्त वृत्तीने तीर्थयात्रा केल्या. लोक त्याला ‘श्रीजी’ म्हणू लागले.

म्हणून वाचकांना आग्रहाचे सांगणे आहे की, पुढच्या राजस्थान यात्रेत दोन दिवस बुंदीसाठी राखून ठेवावेत. मुलांना तारागड दाखवावा, बावडीच्या पायऱ्या उतरवाव्यात, चित्रशाळेत शांतपणे बसवावे आणि तेथेच मल्हाररावांच्या राखीची गोष्ट सांगावी. पूर्ण सांगावी, १७३४ पासून १८०४ पर्यंत. बुंदीत पन्नासहून अधिक बारवा आहेत असे सांगतात. वापर थांबला की बारवेत गाळ साचतो आणि पाणी असूनही ते पिण्याजोगे राहत नाही. समाजासमाजांतील नात्यांचेही तसेच असते. ती केवळ बांधून ठेवून भागत नाही, उपसतही राहावी लागतात.